यंदाचा 'सी' महमूदला

१८ मार्च १९९६, सोमवार

वर्टक साहेबांनी आज सगळ्या खातेप्रमुखांना कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं. कंपनीच्या पर्सोनेल खात्याचं नाव बदलून एच.आर. झालंय आणि वर्टक त्याचे नवे मुख्य. मुंबई ऑफिसातून आलेत. गोड बोलतात, चहाचा कप स्वतः उचलून पुढे करतात.

म्हणाले, यापुढे सरसकट पगारवाढ बंद. प्रत्येक प्रमुखाने आपल्या माणसांना ए, बी, सी द्यायचं. फळ्यावर देवळातल्या घंटेसारखं चित्र काढलं आणि खडूने तिचं एक टोक कापून दाखवलं. "प्रत्येक खात्यात एक तरी सी असतोच. असतोच म्हणजे असतोच."

मेंटेनन्सच्या कमळाकरने विचारलं, "साहेब, खात्यात सगळेच बरे असले तर?"

वर्टक हसले. "तर मग तुम्हाला बघता येत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. कंपनीच्या बसमध्ये मात्र कमळाकर नागोठणे येईपर्यंत बोटांवर आपली माणसं मोजत होता.

माझ्या लॅबमध्ये माणसं किती? तीन केमिस्ट. महमूद मुकादम, जो माझ्याबरोबर एकाच दिवशी कंपनीत लागला. नम्रता आणि मिथुन, दोघं नंतरची. चौथा काळुराम, प्लांटमधून नमुने आणतो, बाटल्या धुतो; पण तो युनियनचा. त्याला सी देता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हाला 'ऑफिसर' केलं तेव्हा आम्ही युनियन सोडून पेढे वाटले होते. काळुराम तेव्हा पेढा खाऊन म्हणाला होता, "आमचं आमी बरं हाव, साहेब."

२२ मार्च, शुक्रवार

चार दिवस झोप नव्हती. आज चहाच्या वेळेला लॅबचं दार ओढून घेतलं आणि तिघांना सरळ सांगून टाकलं. माझ्याने मागून काही करवत नाही.

"कुणाला तरी सी द्यायचाय आणि तुमच्यात सी कोणीच नाही. तेव्हा आपण पाळी लावू. यंदा एक, पुढल्या वर्षी दुसरा. ज्याला सी, त्याची त्या वर्षाची वाढ जाईल. बस, एवढंच."

नम्रता म्हणाली, "आणि सर, तुम्ही?"

"माझं वरचे ठरवतात. माझा फॉर्म माझ्या हातात नाही."

मग यंदा कोण? मिथुनचं मे महिन्यात लग्न, जिते गावातल्या घरावर नवे पत्रे टाकायचेत. नम्रताचे वडील अर्धांगाने पडून. मी महमूदकडे पाहिलं. बोललो काही नाही. एवढंच म्हटलं, की ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे त्याला जड जाणार नाही.

महमूद ब्युरेटची काचेची नळी धूत होता. ती स्टँडला अडकवून हात पुसत म्हणाला, "सरळ बोला ना, पुंडलिकभाई. भाऊ दुबईला हाय, तर यंदाचा सी महमूदला. लिवा."

पुढल्या वर्षी मिथुन, त्यानंतर नम्रता, असं ठरलं. मिथुनने महमूदला मिठीच मारली. काळुरामने बाहेरून वडे आणले. बाकीच्या खात्यांत या सी वरून लोक एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि आम्ही वडे खात होतो! अशी माणसं मिळायला नशीब लागतं. आणि थोडं डोकंही लागतं, असं म्हटलं तर गर्व होऊ नये.

२९ मार्च, शुक्रवार

सी द्यायचा तर कारणं लिहावी लागतात, तीही इंग्रजीत. रात्री जेवणानंतर बसलो. कामात मंद. नवी पद्धत शिकण्याची तयारी नाही. जबाबदारी घेण्याचं टाळतो. स्वतःहून काही सुचवत नाही. दोनदा खोडलं, तिसऱ्या वेळी बरं जमलं. मिठागरावरच्या म्हात्र्याचा पोर असं इंग्रजी लिहील असं आमच्या मास्तरांना कधी वाटलं नसतं.

चंद्रावतीला अर्थ सांगत वाचून दाखवलं. ती भांडी आवरता आवरता थांबली.

"हे महमूदभाईंचं?"

"अगं, खोटं खोटं आहे ते. रीत म्हणून."

"मग खोटं एवढं चांगलं कशाला लिवलंत?"

ऑफिसातल्या गोष्टी घरी काढू नयेत हेच खरं.

१ एप्रिल, सोमवार

फॉर्मवर महमूदची सही हवी होती. त्याने सगळं वाचलं आणि पोट धरून हसला. "आयला! या माणसाला तर मीपण ठेवणार नाय!" सही केली, तारीख टाकली आणि परत सॅम्पलकडे वळला.

१० जून, सोमवार

मला ए मिळाला.

वर्टकांनी स्वतः बोलावून सांगितलं. महमूदच्या फॉर्मवरचा मी लिहिलेला मजकूर त्यांनी इतर प्रमुखांना नमुना म्हणून दाखवला. कसं लिहावं ते म्हात्र्यांकडून शिका, म्हणाले. घरी जाताना पेणच्या बाजारातून आमच्या लेकीला, नमिताला, नवं दप्तर घेतलं.

हे लॅबमध्ये सांगितलं नाही. उगाच कशाला?

२७ ऑक्टोबर, रविवार

दुपारी महमूद आणि त्याचा भाऊ आमीर पेणला आमच्या रामवाडीच्या घरी आले. आमीर दुबईहून आलाय. दर वेळी अत्तराची बाटली, दुधाच्या पावडरचा डबा, नमिताला पेनं, असं काहीबाही आणायचा. या वेळी पिशवीत डझनभर केळी. माणसं बदलतात. पैसा आला की हात आखडतो म्हणतात ते खोटं नाही.

"सुट्टी किती?" मी विचारलं.

"बघू," म्हणाला. गल्फवाल्यांची मजा असते.

मग चहा पिता पिता म्हणतो, "भाईसाहेब, तुमच्या कंपनीत काय हाय का? गेटवर असलं तरी चालंल."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, दुबईच्या पगाराच्या माणसाला गेटवर उभं करायचं म्हणजे गेटच सोन्याचं करावं लागेल! आमीरही हसला. महमूद हसला नाही. हल्ली त्याला पित्ताचा त्रास आहे, चेहरा उतरलेला असतो. चंद्रावतीने जाताना महमूदच्या बायकोसाठी, हलीमाभाभीसाठी, तांदळाची पिशवी भरून दिली. एवढी मोठी का, ते मला कळलं नाही. म्हटलं, त्यांना काय कमी आहे? ती पिशवीचं तोंड बांधत राहिली.

३ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू?

सकाळी अकराला वर्टकांनी खातेप्रमुखांना बोलावून प्रत्येकाच्या हातात पाकिटं दिली. माल पडून आहे, परदेशी मालकांना खर्च कमी करून हवाय. या वर्षी ज्यांना सी होता ते सगळे ३१ डिसेंबरपासून कमी. पाकिटं आम्ही आमच्या हाताने द्यायची. "तुमची माणसं आहेत, तुम्हीच दिलेलं बरं. माणुसकी असते," असं म्हणाले.

कमळाकर तिथेच खुर्चीत बसून राहिला. त्याने सी त्याच्या सख्ख्या मावसभावाला दिला होता. बाकीच्यांनी पक्षपात म्हणू नये म्हणून.

मी दुपारी महमूदला स्टोअररूममध्ये नेलं. त्याने उभ्याने वाचलं. पत्रात माझीच वाक्यं होती. कामात मंद. जबाबदारी टाळतो. एक शब्द बदललेला नव्हता.

या वेळी तो हसला नाही. "पुंडलिकभाई, यांना सांगा ना. पाळी होती म्हणून सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

४ डिसेंबर, बुधवार

बस सुटायच्या आधी महमूद गेटपाशी आला. नोकरीचं एक वेळ राहू दे, म्हणाला. धाटावच्या दोन कंपन्यांत ओळखीने विचारून आला होता. एकाने तिथल्या तिथे आमच्या ऑफिसात फोन लावला आणि ठेवल्यावर म्हणाला, तुमच्याबद्दल बरं सांगत नाहीत.

"मला फक्त एक कागद द्या. की हा सी कामावरून नव्हता, पाळीने होता. तेवढा दाखवला तरी मला दुसरीकडं उभं करतील. आमीर पण घरातच हाय आता."

मी म्हटलं, बरंच झालं, भाऊ घरी असला की धीर असतो.

त्याने बसकडे बोट केलं, ती सुटायला आली होती.

५ डिसेंबर, गुरुवार

वर्टकांकडे गेलो. दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं: लॅब, पाळी, वडेसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग पुढ्यातला कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"हे लिहून द्या. मी वर पाठवतो. पण मग प्रश्न असा येईल, म्हात्रे, की तुम्ही कंपनीला खोटा रिपोर्ट दिलात. त्याला शिक्षा काय असते, माहीत आहे ना? आणि बाकी दोघंही त्यात सामील. म्हणजे एका माणसाच्या जागी चार."

पेन त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

मी विचार केला. मिथुनची बायको दिवसांत आहे. नम्रताचे वडील आहेत. नमिताची पुढल्या वर्षी बारावी. एकासाठी तिघांना बुडवणं हा न्याय झाला का? माझ्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. खातेप्रमुखाला सगळ्या खात्याचं बघावं लागतं.

"तसं नाही साहेब," मी म्हणालो. "पाळी म्हणजे... तसं आपलं बोलण्यात आलं होतं. काम त्याचं खरंच थोडं मंद आहे."

"मग लिहिलंय तेच खरं," म्हणाले, आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

६ डिसेंबर, शुक्रवार

महमूदला सांगितलं की साहेबांनी ऐकलं नाही. यात खोटं काही नाही. ऐकलंच नाही त्यांनी.

१६ डिसेंबर, सोमवार

नम्रताने घात केला.

मला न विचारता तिने जनरल मॅनेजरना पत्र दिलं, स्वतःच्या सहीचं. की मार्चमध्ये लॅबमध्ये पाळी ठरली, सर्वांनी मिळून ठरवली, त्यात मीही होते, आणि मुकादम यांच्याइतकं काम आमच्यापैकी कोणी करत नाही. एक प्रत महमूदला दिली.

मला बोलावणं आलं. वर्टकही होते. असं काही घडलं का, विचारलं. मी म्हटलं, तरुण मुलगी आहे, घरी आजारपण आहे, मनाने हळवी आहे. ती अडचणीत येऊ नये म्हणूनच तसं बोललो. मिथुनलाही विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, मी त्या दिवशी सेकंड शिफ्टला होतो.

संध्याकाळी नम्रताला समजावलं. "असं करून काय मिळवलंस? स्वतःच्या पायावर धोंडा."

ती ॲप्रनची घडी घालत होती. "सर, आठ महिने मी त्यांच्या वाटणीची वाढ घेतली. तुम्हाला नाही का ती टोचत?"

वाढ तिला तिच्या कामाची मिळाली होती. हे तिला कोण सांगणार? पोरीला व्यवहार कळत नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

महमूदचा शेवटचा दिवस. मी कॅन्टीनमध्ये छोटा कार्यक्रम ठेवू म्हणत होतो, नारळ-शाल असं. तो म्हणाला, नको. दुपारपर्यंत सगळ्या बॅचेस तपासून दिल्या, काळुरामला ब्युरेट कशी पुसायची ते पुन्हा एकदा दाखवलं. काळुराम रडला. मी दारात उभा राहून हात पुढे केला. महमूदच्या दोन्ही हातांत डबा आणि पिशवी होती. ती खाली ठेवून हात मिळवायला वेळ लागला असता, बस उभी होती. त्यामुळे ते राहूनच गेलं.

१३ जानेवारी १९९७, सोमवार

नम्रताची गुजरातच्या प्लांटला बदली. चोवीस तासांत तिने राजीनामा दिला. मी आधीच म्हटलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ईद. दर वर्षी आम्ही तिघं रोह्याजवळच्या अष्टमी गावात महमूदकडे जेवायला जातो. मी चंद्रावतीला म्हटलं, यंदा त्यांची परिस्थिती कशी असेल कोण जाणे, उगाच त्यांना संकोच. आपण न गेलेलंच बरं.

ती दुपारची एसटी धरून एकटीच गेली. संध्याकाळी आली. जेवण वाढताना म्हणाली, "आमीरभाई दुबईहून सुट्टीवर आलेलेच नव्हते. तिकडच्या कामगारांना परत पाठवलं, त्यात तेपण. ऑक्टोबरातच. दोघे भाऊ आता एक मिनिडोर रिक्षा चालवतात, भाड्याची. एक सकाळी, एक दुपारी."

मग मला सांगायचं ना त्यांनी! सांगितल्याशिवाय माणसाला कसं कळणार?

२० मार्च, गुरुवार

पुन्हा फॉर्म. लॅबमध्ये आता मी, मिथुन आणि काळुराम. एक तरी सी हवाच, असं वर्टकांनी पुन्हा सांगितलं. मी विचारलं, खात्यात एकच माणूस असला तर? म्हणाले, तर मग सोपं आहे.

मिथुनला बोलावलं. त्याला मुलगा झालाय, महिन्याचा. तो आला तोच उभा राहून म्हणाला, "सर, पाळी महमूदभाई गेले तेव्हाच मोडली. आता मला पाळीत नका धरू."

"ठरलेलं होतं, मिथुन. सगळ्यांसमोर. महमूद, मग तू."

"मी तुमच्यासाठी खोटं बोललो, सर. सेकंड शिफ्टला होतो म्हणून."

"माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्याला सी दिला. आपण शब्दाचे पक्के. कारणं लिहायला या वेळी फार वेळ लागला नाही, गेल्या वर्षीचा मजकूर होताच.

७ एप्रिल, सोमवार

लॅब बंद.

नमुने आता बाहेरच्या लॅबला जाणार, कंत्राटावर. मिथुन कमी. काळुरामला युनियनने पॅकिंगमध्ये घ्यायला लावलं. मला वर्टकांनी चहा दिला, स्वतः कप पुढे केला. मग पाकीट दिलं. मला या वर्षी सी होता. तो कुणी दिला ते सांगत नाहीत.

कारण वाचलं. 'आपल्या खात्यातील माणसं टिकवून ठेवण्याची क्षमता नाही.'

मी म्हटलं, साहेब, माणसं तर तुम्ही... वर्टक म्हणाले, "सी तुमच्याच हाताने दिलेले आहेत, म्हात्रे. दोन्ही वर्षं."

हा उघड अन्याय आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला असं एका अक्षराने काढून टाकतात, आणि आजूबाजूचे बघत राहतात. कमळाकरने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. एक माणूस पुढे येऊन म्हणाला नाही, की हे चूक आहे. इतकी कशी माणसं भेकड असतात?

२० एप्रिल, रविवार

महमूदने कंपनीवर केस केलीय हे चंद्रावतीकडून कळलं. तिला हलीमाभाभीकडून. अलिबागचा वकील आहे. मनाशी ठरवलं, आता मागे राहायचं नाही. सकाळची एसटी धरून अष्टमीला उतरलो.

महमूद नाक्यावरच होता, मिनिडोर पुसत. दाढी वाढलीय. मला बघून फडकं खांद्यावर टाकलं. सलाम केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

"मलाही काढलं," मी म्हणालो.

"ऐकलं."

"मी साक्ष द्यायला आलोय. तुझ्या केसमध्ये. पाळी होती, मीच लावली होती, तो मजकूर सगळा खोटा होता, सगळं सांगतो. कोर्टात, शपथेवर."

त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो काचेवरचा एक डाग नखाने काढत राहिला.

"डिसेंबरात तू साहेब होतास, पुंडलिक," तो म्हणाला. "तेव्हा तुझ्या एका कागदाला वजन होतं. आज कंपनीचा वकील तुला एकच इचारंल. तुमाला कंपनीने कधी काढलं? झालं. काढलेला माणूस काढलेल्या माणसाच्या बाजूने बोलतोय."

"पण मी खरं सांगणार आहे."

"खरं तर तेव्हापण होतं."

मी म्हटलं, मग केस उभी कशावर आहे? तो म्हणाला, नम्रताच्या पत्रावर. ती नोकरीत असताना दिलेलं आहे, म्हणून वकील त्याला धरून आहे. ती आता पेणला शिकवण्या घेते. तारखेला ती स्वतःच्या खर्चाने अलिबागला येते. मला हे माहीत नव्हतं. रामवाडीपासून तिचं घर असं किती लांब आहे!

बऱ्याच वर्षांनी त्याने मला तू म्हटलं. कंपनीत लागलो तेव्हा म्हणायचा, तसं. ऐकून बरं वाटलं.

एवढ्यात गाडी भरली. तो म्हणाला, बसा, रोह्याच्या स्टँडला सोडतो. पुन्हा 'बसा'. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. पुलावरून जाताना मी एकदोनदा विषय काढला, इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. स्टँडवर उतरल्यावर मी रीत म्हणून नोट पुढे केली. तो नको म्हणेल असंच धरून चाललो होतो. त्याने ती घेतली, सुटे परत दिले आणि मागच्या बाईकडे वळला, "मावशी, कोलाड ना? या पुढं."

पेणला येणाऱ्या गाडीला वेळ होता. बाकावर बसून राहिलो. घरी आल्यावर चंद्रावतीला सगळं सांगितलं, भाडं घेतल्याचंसुद्धा. ती "बरं केलं" म्हणाली. मी साक्ष द्यायला गेलो ते बरं केलं, असंच तिला म्हणायचं असणार.

माझं मन आता स्वच्छ आहे. मी बोलून दाखवलं. पुढे त्याने घेतलं नाही, तो त्याचा प्रश्न. माझ्याकडून काही राहिलं असं यापुढे कोणी म्हणू शकणार नाही.